घर बदलले तरी कपाट सोबत यावे : मॉड्युलर साठवणीमागचे गणित

रायपूर : बदलीचा आदेश हाती पडला की घरातील सामान बांधायला सुरुवात होते. भांडी खोक्यांत जातात, कपडे गाठोड्यांत जातात, पुस्तके दोरीने बांधली जातात. शयनगृहातील भिंतभर पसरलेले कपाट मात्र जागचे हलत नाही. ते भिंतीच्या मापाने बनवलेले असते, भिंतीतच खिळलेले असते, आणि उखडायला गेले तर प्लायचे तुकडे व लॅमिनेटचे कपचे एवढेच हाती उरतात. ज्या वस्तूवर कुटुंबाने काही महिन्यांची बचत खर्च केली, ती पुढच्या भाडेकरूला किंवा घरमालकाला फुकट मिळते.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाली. तेव्हापासून या शहरात शासकीय कर्मचारी, रेल्वे व पोलाद उद्योगातील नोकरदार, तसेच शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी यांची ये-जा सतत वाढत गेली आहे. एकीकडे तात्यापारा, बूढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील अरुंद जिन्यांची घरे आहेत, तर दुसरीकडे नवा रायपूरमधील सदनिका आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१५ मधील मूळ शहरी निकषांनुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत, तर अल्प उत्पन्न गटासाठीचे ६० चौरस मीटरपर्यंत होते. एवढ्या जागेत चार माणसांचा संसार मावायचा असेल तर साठवणीच्या प्रत्येक कप्प्याचा विचार करावा लागतो, आणि घर बदलण्याची शक्यता असेल तर तो विचार दुप्पट काळजीने करावा लागतो. ‘मॉड्युलर फर्निचर’ हे या अडचणीवरचे उत्तर म्हणून विकले जाते. मात्र त्या नावाने जे मिळते ते खरोखर मॉड्युलर असते का, हे तपासणे आवश्यक आहे.

‘मॉड्युलर’ म्हणजे नेमके काय?

मराठी घरांत हा शब्द प्रामुख्याने ‘मॉड्युलर किचन’च्या रूपाने आला. त्यामुळे चकचकीत दारे, अलगद बंद होणारे खण आणि एकसारखा रंग म्हणजे मॉड्युलर, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक या शब्दाचा झगमगाटाशी संबंध नाही. मॉड्यूल म्हणजे ठरावीक मापाचा, स्वतंत्रपणे उभा राहू शकणारा घटक. असे अनेक घटक परस्परांशी जुळतात, त्यांची मांडणी बदलता येते, एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि गरज वाढली तर त्यात भर घालता येते.

या व्याख्येवरून तीन कसोट्या निघतात. पहिली, सर्व घटकांना एक सामाईक माप आहे का? दुसरी, घटक एकमेकांपासून आणि भिंतीपासून नुकसान न होता सुटे करता येतात का? तिसरी, उजवीकडचा घटक डावीकडे किंवा खालचा वर ठेवला तरी चालतो का? बाजारात मॉड्युलर म्हणून खपणारी अनेक कपाटे पहिल्याच कसोटीवर अडखळतात, कारण ती विशिष्ट भिंतीच्या लांबीला भागून केलेली असतात. ती कारखान्यात कापली गेली, म्हणून मॉड्युलर ठरत नाहीत. याउलट, गल्लीतील सुताराने साध्या प्लायचे बनवलेले खोके या तिन्ही कसोट्यांना उतरू शकते.

उतरंडीपासून स्लॉटेड अँगलपर्यंत

साठवणीचे हे दोन प्रकार, म्हणजे घराशी बांधलेली आणि माणसाबरोबर हलणारी, मराठी घराला नवे नाहीत. वाड्याच्या जाड भिंतीतील कोनाडा आणि दाराचे फडताळ हे घराचेच अवयव होते. घर पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहणार असल्याने ती रचना योग्यच होती. पेटारा, संदूक आणि पुढे आलेली पत्र्याची ट्रंक मात्र प्रवासासाठी होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, मराठी कुटुंबे छत्तीसगडच्या प्रदेशात येत राहिली. पुढे मध्य प्रांताच्या प्रशासनात आणि रेल्वेत नोकरीनिमित्तही ती आली. निघताना सोबत घेता येत होती ती संदूक. फडताळ मागेच ठेवावे लागे.

स्वयंपाकघरातील उतरंड हे तर मॉड्युलर विचाराचे जुने उदाहरण म्हणता येईल. एकावर एक बसणारी, खालून वर लहान होत जाणारी मडकी कमी जागेत बरेच जिन्नस सामावून घेत. तिची मर्यादाही उघड होती. तळाच्या मडक्यातील धान्य हवे असेल तर वरची सर्व मडकी उतरवावी लागत. म्हणून रोज लागणारे वर आणि वर्षाचे खाली, असा नियम आपोआप पाळला जाई. आजच्या कपाटातील खण आणि सुटे कप्पे ही अडचण दूर करतात, परंतु रोजची वस्तू सहज हाताशी असावी हा नियम तोच राहतो.

विसाव्या शतकात या विचाराला औद्योगिक रूप मिळाले. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार महिलेने १९२६ मध्ये जर्मनीतील कामगार वसाहतींसाठी ‘फ्रँकफर्ट किचन’ आखले. अरुंद स्वयंपाकघरात बाईची पावले वाचावीत, हा तिचा हेतू होता, आणि त्याच मापाची सुमारे १० हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. भारतात गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट आणले. आहेरात दिले जाणारे आणि घर बदलताना चार माणसांनी उचलून नेले जाणारे ते लोखंडी कपाट आजही अनेक घरांत तीन पिढ्यांचे कपडे सांभाळत आहे.

तरीही भारतात सर्वाधिक पसरलेले मॉड्युलर फर्निचर बहुधा कोणी फर्निचर म्हणून मोजतच नाही. ते म्हणजे छिद्रे पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे, नटबोल्टने जोडलेले रॅक. दिमित्रियस कोमिनो या अभियंत्याच्या ‘डेक्सियन’ या ब्रिटिश कंपनीने १९४७ मध्ये असा स्लॉटेड अँगल बाजारात आणला. किराणा दुकाने, औषधांची दुकाने, ग्रंथालये, कार्यालयांतील दप्तरखाने आणि घरांच्या बाल्कन्या, सर्वत्र तो आढळतो. फळीची उंची हवी तशी बदला, सर्व खोला, गाठोडे बांधा आणि दुसऱ्या गावी पुन्हा उभे करा. मॉड्युलरच्या तिन्ही कसोट्यांना उतरणारे याहून सोपे साधन क्वचितच असेल. सिलतरा आणि उरला या औद्योगिक क्षेत्रांमुळे रायपूर हे स्पंज आयर्न व पोलाद उद्योगाचे मोठे केंद्र आहे. त्यामुळे लोखंडी कामाचे कसब या शहराला नवे नाही.

माप भिंतीवरून नव्हे, प्लायच्या शीटवरून

दिवाणखान्यात किंवा शयनगृहात मात्र बहुतेकांना लाकडी रूप हवे असते. येथे पहिला प्रश्न असतो तो मापाचा. सर्वसाधारण पद्धत अशी की, सुतार येतो, भिंत मोजतो आणि भिंतीएवढे कपाट आखतो. मॉड्युलर आखणीत क्रम उलटा असतो. माप प्लायच्या शीटवरून ठरवायचे आणि भिंतीवर कडेला थोडी जागा मोकळी राहिली तर राहू द्यायची.

बाजारात प्लायची शीट ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४० मिलिमीटर बाय १२२० मिलिमीटर मापाची मिळते. करवतीचा प्रत्येक छेद सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खातो. घटकाची खोली ४०० मिलिमीटर धरली तर १२२० मिलिमीटर रुंदीतून तीन पट्ट्या निघतात. तीन पट्ट्यांचे १२०० आणि दोन छेदांचे ६, असे १२०६ मिलिमीटर वापरले जातात. खोली ४२० धरली तर तिसरी पट्टी निघतच नाही आणि ३७० मिलिमीटरहून अधिक रुंदीचा तुकडा बाजूला पडतो. वीस मिलिमीटरच्या हौसेपायी शीटचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग मूळ कामातून निसटतो.

फूट-इंचांत काम करणाऱ्या कारागिरांची येथे हमखास चूक होते. चार फुटांचे तीन समान भाग म्हणजे १६ इंच, हा हिशेब कागदावर बरोबर असतो. पण करवतीचे दोन छेद त्यातून वजा झाले की तिसरी पट्टी १६ इंच भरत नाही. चारशे मिलिमीटर म्हणजे १५ इंच ६ सूत. हा दोन सुतांचा फरक लक्षात घेतला नाही तर एका घटकाची खोली इतरांपेक्षा कमी होते आणि रांग दिसायला वाकडी दिसते. म्हणून मॉड्युलर काम मिलिमीटरच्या टेपनेच करावे.

एका शीटमधून तीन खोकी

या मापाचे एक पूर्ण उदाहरण पाहू. घटकाचे बाह्य माप ८०० मिलिमीटर लांब, ४०० मिलिमीटर उंच आणि ४०० मिलिमीटर खोल असे ठरवू. प्लायची जाडी १८ मिलिमीटर. वरची आणि खालची फळी प्रत्येकी ८०० मिलिमीटर. त्यांच्यामध्ये बसणाऱ्या दोन बाजू प्रत्येकी ३६४ मिलिमीटर, कारण ४०० मधून दोन फळ्यांची ३६ मिलिमीटर जाडी वजा होते. चारही तुकड्यांची एकूण लांबी २३२८ मिलिमीटर होते. चार छेदांचे १२ मिलिमीटर मिळवले तर २३४०. म्हणजे २४४० मिलिमीटरच्या एका पट्टीतून एक खोके पूर्ण होते आणि केवळ १०० मिलिमीटर उरतात. एका शीटमधून तीन खोकी, तीन शीटमधून नऊ.

पाठीला ६ मिलिमीटर जाडीचा प्लाय लावायचा. त्याच्या एका शीटमधून ८०० बाय ४०० मापाच्या नेमक्या नऊ पाठी निघतात. अशा रीतीने १८ मिलिमीटरच्या तीन आणि ६ मिलिमीटरची एक, एवढ्या शीटमध्ये नऊ खोकी तयार होतात. प्लायच्या नेहमीच्या घनतेनुसार एका रिकाम्या खोक्याचे वजन साधारण १२ किलो भरते. एक माणूस ते उचलून अरुंद जिन्यावरून नेऊ शकतो.

लांबी उंचीच्या दुप्पट असल्याने हे खोके आडवे ठेवता येते आणि उभेही. दोन उभी खोकी शेजारी ठेवली की त्यांची रुंदी एका आडव्या खोक्याएवढी होते. आठ खोक्यांची १६०० बाय १६०० मिलिमीटरची भिंत उभी राहते आणि नववे दाराशी चपला ठेवण्यासाठी व बसून बूट घालण्यासाठी उपयोगी पडते. मूल लहान असताना खेळण्यांचे, शाळेत गेले की पुस्तकांचे आणि आजी-आजोबा राहायला आले की त्यांच्या औषध-कपड्यांचे कपाट त्याच खोक्यांतून होते. गौरी-गणपतीच्या दिवसांत तीच खोकी एकावर एक रचली तर ४०० आणि ८०० मिलिमीटर उंचीच्या दोन पायऱ्यांची आरास होते, आणि विसर्जनानंतर ती पुन्हा आपल्या जागी जातात.

दोन सूचना मात्र पाळायला हव्यात. बाजारातील १८ मिलिमीटर प्लायची प्रत्यक्ष जाडी थोडी कमी-जास्त असते, म्हणून आतल्या बाजूचे तुकडे कापण्यापूर्वी जाडी मोजावी. दुसरे म्हणजे, वरून १ मिलिमीटर जाडीचे लॅमिनेट चिकटवायचे असेल तर खोके दोन्ही दिशांनी २ मिलिमीटर वाढते. मग दोन उभी खोकी ८०४ मिलिमीटर आणि एक आडवे ८०२, असा मेळ चुकतो. यासाठी लॅमिनेटसह अंतिम माप ८०० बाय ४०० यावे, अशा बेताने प्लाय कापावा.

हे माप सर्व गरजा भागवत नाही, हेही सांगायला हवे. हँगरला टांगलेल्या कपड्यांसाठी साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर खोली लागते. त्यासाठी ६०० मिलिमीटर खोलीचा वेगळा घटक करावा. एका शीटच्या रुंदीतून अशा दोन पट्ट्या व्यवस्थित निघतात. घडी घातलेले कपडे, पुस्तके, भांडी, डबे आणि अंथरुणे यांना ४०० मिलिमीटर पुरतात.

फळी का वाकते?

घरातील फळ्या वाकतात त्या बहुधा पुस्तकांच्या वजनाने. एक मीटर लांबीत ओळीने लावलेल्या पुस्तकांचे वजन सुमारे ३० किलो होते. जाड शब्दकोश किंवा बांधीव अंक असतील तर त्याहून अधिक.

यामागील यंत्रशास्त्राचा नियम सोपा, पण परिणाम मोठा आहे. भार सर्वत्र सारखा पसरलेला असेल तर दोन आधारांमधील अंतर दुप्पट केल्यावर फळीचा झोल सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर झोल आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे जाड फळी विकत घेण्यापेक्षा मध्ये एक आधार देणे अधिक परिणामकारक आणि स्वस्त ठरते. वरच्या उदाहरणात पुस्तकांसाठी खोके उभे वापरावे, अथवा आडव्या खोक्यात मध्यभागी ३६४ मिलिमीटर उंचीचा दुभाजक बसवावा. शीटच्या एका पट्टीतून असे सहा दुभाजक निघतात. बसण्यासाठी वापरायच्या खोक्यातही दुभाजक असावा.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा व कपचे गोंदाने दाबून केलेला बोर्ड. तो प्लायपेक्षा लवकर वाकतो. एमडीएफ गुळगुळीत असतो आणि रंग चांगला घेतो, पण वजनाने जड असतो. तयार फर्निचरमध्ये हे दोन्ही बोर्ड मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. ते वाईट असतात असे नाही, पण त्यांच्या फळ्यांचे आधार जवळजवळ हवेत.

जोड कोठे सुटावा?

सुटे होणारे फर्निचर दोन-तीन वेळा खोलून जोडले की डगमगू लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. कारण स्क्रू थेट बोर्डात फिरवलेला असतो. प्रत्येक वेळी तो काढला की छिद्रातील आटे झिजतात. पार्टिकल बोर्डात ही झीज फार लवकर होते, प्लायमध्ये तुलनेने उशिरा.

यावर उपाय आखणीतच आहे. खोक्याचे स्वतःचे चार कोपरे गोंद आणि स्क्रू यांनी कायमचे पक्के करावेत. सुटायचे ते एका खोक्यापासून दुसरे खोके. दोन शेजारच्या भिंतींतून आरपार जाणारा बोल्ट आणि त्याला धातूची चाकी, अशी जोडणी कितीही वेळा खोलली तरी लाकूड झिजत नाही. मोठे कपाट पूर्ण सुटे करायचेच असेल तर मिनिफिक्स नावाने मिळणारे फिरवून घट्ट होणारे जोड किंवा बोर्डात कायम बसणाऱ्या धातूच्या आट्यांच्या नळ्या वापराव्यात. पाठीचा प्लायही महत्त्वाचा आहे. चार फळ्यांची चौकट बाजूने ढकलली तर तिरकी होते, आणि पाठ तिला काटकोनात धरून ठेवते. पैसे वाचवण्यासाठी पाठ काढून टाकणे म्हणजे खोक्याचा कणाच काढणे होय.

आतल्या कप्प्यांसाठी युरोपात रूढ झालेली ३२ मिलिमीटरची पद्धत उपयोगी पडते. कपाटाच्या बाजूच्या फळीवर ५ मिलिमीटर व्यासाची छिद्रे ३२ मिलिमीटर अंतराने उभ्या ओळीत पाडलेली असतात. पुढची ओळ कडेपासून ३७ मिलिमीटर आत असते. फळीच्या पिना, बिजागरीच्या पट्ट्या आणि खणांचे चॅनल या छिद्रांवर बसतात. एका कंपनीची बिजागरी निकामी झाली तर दुसऱ्या कंपनीची तेथेच बसू शकते, हा तिचा लाभ. लाकडी पट्टीचा साचा करून साध्या ड्रिलनेही ही छिद्रे पाडता येतात.

उन्हाळा, कूलर आणि वाळवी

रायपूरचे हवामान लाकडी सामानाची कठोर परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या मध्यानंतर पावसाची दमट हवा सुरू होते. त्यातच मध्य भारतातील घरांत उन्हाळाभर पाण्याचे कूलर चालतात. बाहेर रखरखीत ऊन आणि आत ओलसर वारा, अशा स्थितीत कूलरसमोरच्या कपाटाच्या कडा फुगतात, लॅमिनेट सुटते आणि दारे घासू लागतात. कपाट कूलरच्या झोताच्या रेषेत ठेवू नये, हा सर्वांत स्वस्त उपाय. हलवता येणाऱ्या घटकांना ते ऋतूनुसार जमते, भिंतीत खिळलेल्या कपाटाला जमत नाही.

ओलावा बोर्डात शिरतो तो पृष्ठभागातून कमी आणि उघड्या कडांतून अधिक. म्हणून दिसणाऱ्या कडांइतकेच मागच्या आणि खालच्या कडांनाही एज बँडिंग किंवा सीलर लावावा. फरशी पुसताना पाणी लागू नये यासाठी घटकांखाली किमान १०० मिलिमीटर उंचीचे पाय असावेत. भिंत आणि पाठ यांच्यात बोटभर फट ठेवली तर हवा खेळते. वाळवी बहुधा जमीन आणि भिंत यांना चिकटून, मातीच्या बारीक नळ्या करत चढते. पायांवर उभ्या आणि भिंतीपासून सुट्या कपाटाखाली त्या नळ्या वेळीच दिसतात. भिंतीत बांधलेल्या कपाटात मात्र कपड्यांना भोके पडल्यावरच तिचा पत्ता लागतो.

प्लाय घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. सर्वसाधारण वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१० ही मानके आहेत. कोरड्या खोलीतील कपाटाला पहिल्या प्रकारातील प्लाय पुरतो. ओट्याखाली किंवा न्हाणीघराच्या भिंतीलगत दुसऱ्याचा विचार करावा. शिक्क्यावरील परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तो खरा आहे का, हे ग्राहकाला स्वतः तपासता येते. साठवणीच्या तयार फर्निचरसाठीही ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १७६३४ हे मानक प्रसिद्ध केले आहे.

नव्या कपाटाला येणारा डोळ्यांत झोंबणारा वास बहुतांशी बोर्डातील गोंदाच्या फॉर्मल्डिहाइड वायूचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूचे वर्गीकरण मानवासाठी कर्करोगकारक असे केले. कमी उत्सर्जनाचे, ई-१ किंवा ई-० असे नमूद केलेले बोर्ड घ्यावेत आणि नवे कपाट लहान मुलांच्या खोलीत ठेवण्यापूर्वी काही दिवस मोकळ्या हवेत उघडे ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे दोन स्क्रू

सुट्या फर्निचरचा एक धोका असा आहे की, ते भिंतीला बांधलेले नसल्याने कलंडू शकते. लहान मूल खण ओढून त्यांचा पायऱ्यांसारखा वापर करते, वजन पुढे सरकते आणि कपाट अंगावर येते. मुलांच्या मृत्यूनंतर आयकिया कंपनीने जून २०१६ मध्ये अमेरिकेत खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथे खणांच्या कपाटांच्या स्थिरतेसंबंधीचा ‘स्टर्डी’ कायदा झाला. त्यानुसार लागू झालेल्या चाचण्यांत सुमारे २७ किलो वजनाच्या मुलाची ओढ गृहीत धरली जाते.

घरी करायचा उपाय अगदी साधा आहे. छातीएवढ्या किंवा त्याहून उंच रचनेचा सर्वांत वरचा घटक दोन लोखंडी कोनांनी भिंतीला जोडावा. विटेच्या भिंतीत साधे प्लग चालतात. नव्या इमारतींतील हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंतींना त्यासाठीचे विशेष प्लग लागतात. घर सोडताना दोन छिद्रे पुट्टीने बुजवली की काम संपते. जड वस्तू खाली, हलक्या वर, खण सर्वांत खालच्या घटकात आणि मुलाला आवडणारी वस्तू कधीही कपाटाच्या माथ्यावर नाही, हे नियम त्याला पूरक ठरतात. मॉड्युलर याचा अर्थ मोकळे सोडलेले असा घेतला तर तो जिवावर बेतू शकतो.

सुताराशी बोलताना

कपाटाचा दर सांगताना बहुतेक ठिकाणी पुढच्या दर्शनी भागाचे चौरस फूट मोजले जातात. या पद्धतीत आत किती फळ्या, किती खण, कोणत्या जाडीची पाठ आणि कोणता चॅनल, हे झाकले जाते. दोन दरांची तुलना करायची असेल तर प्लायच्या शीट, लॅमिनेट, एज बँडिंग, बिजागऱ्या, चॅनल आणि मजुरी यांची वेगवेगळी यादी मागावी. काम सुरू होण्यापूर्वी शीटवर तुकडे कसे बसतील याचा कागदावरील आराखडा पाहावा. सर्व खोकी एकदम न करता आधी एकच करून घ्यावे. ते आडवे-उभे ठेवून, जिन्यावरून नेऊन, त्यावर बसून पाहावे. माप चुकले असेल तर ते नऊ वेळा चुकण्यापूर्वी कळते.

या कामासाठी मोठे भांडवल लागत नाही. सरळ कापणारी टेबल करवत, ड्रिल, काटकोन आणि मिलिमीटरची टेप एवढ्या साहित्यावर ते होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत समाविष्ट १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. या योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य, तसेच ५ टक्के व्याजदराने पहिल्या टप्प्यात १ लाख आणि दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद आहे. ठरावीक मापाची खोकी बनवणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीही काम करता येते, कारण तयार झालेले खोके कोणत्याही एका घराचे नसते. ते उद्याच्या घरातही बसते.

ग्राहकाच्या बाजूनेही तोच लाभ आहे. पहिल्या वर्षी तीन खोकी घ्यावीत, पुढच्या वर्षी आणखी तीन. माप लिहिलेला कागद मात्र जपून ठेवावा. ८०० बाय ४०० बाय ४००, प्लाय १८, पाठ ६, बोल्टची छिद्रे कडेपासून किती अंतरावर, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. रायपूरहून नागपूरला, पुण्याला किंवा जगदलपूरला बदली झाली तरी तेथील कोणताही सुतार त्या कागदावरून दहावे खोके करून देईल, आणि ते पहिल्या नवांशी बरोबर जुळेल.